कारवीचा नकाशा स्वतः कसा बनवायचा, आजचा आणि २१ हजार वर्षांपूर्वीचा

आधीच सांगते, यासाठी बॉटनीची डिग्री लागत नाही. साधा लॅपटॉप, बऱ्यापैकी नेट आणि दोन-तीन रविवार एवढं पुरतं. मी स्वतः दिवसभर अकाउंट्सचं काम करते, मुलुंडला राहते, गच्चीवरून येऊरच्या डोंगराची कड दिसते, आणि त्या डोंगरावरची कारवी अजून कुठे कुठे असेल, हजारो वर्षांपूर्वी पाऊस वेगळा होता तेव्हा कुठे असेल, या एका प्रश्नापायी हे सगळं शिकले. सॉफ्टवेअर फुकट, डेटा फुकट. फक्त डेटा साफ करायचा कंटाळा करायचा नाही, कारण खरं काम तेच आहे, बाकीचं कॉम्प्युटर करतो.

मूळ कल्पना सोपी आहे. एखादं झाड जिथे जिथे सापडलंय त्या जागा घ्यायच्या, त्या जागी पाऊस किती, उन्हाळा किती कडक, थंडी किती हे बघायचं, आणि मग कॉम्प्युटरला विचारायचं की असंच हवामान अजून कुठे आहे. त्याला स्पीशीज डिस्ट्रिब्युशन मॉडेल म्हणतात. आणि एकदा झाडाची आवड कळली की तीच आवड जुन्या काळच्या हवामानावर लावून बघायची, म्हणजे जुना नकाशा मिळतो. तो अंदाज असतो, पुरावा नसतो, हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण रंगीत नकाशा समोर आला की माणसाला तो खराच वाटायला लागतो.

मी कारवी घेतली कारण ती आपली आहे. सह्याद्री आणि त्याला लागून असलेल्या डोंगरांची. दर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, अख्खा उतार जांभळा होतो, मग बी धरते, वाळते आणि मरते, नंतर पावसात नवी रोपं उगवतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २००८ ला आणि २०१६ ला मोठा फुलोरा आला होता. तुम्हाला दुसरं काही घ्यायचं असेल तर घ्या, पण दोन गोष्टी बघून घ्या: ओळखायला पक्कं असावं आणि नोंदी विखुरलेल्या असाव्यात. कावळा घेऊ नका, तो सगळीकडे आहे, त्याच्या नकाशातून काही कळत नाही.

आता नाव. इथेच पहिली ठेच लागते. कारवीचं शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा, पण बऱ्याच जुन्या पुस्तकांत आणि हर्बेरियमच्या (वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या) कागदांवर ती कार्विया कॅलोसा म्हणून आहे. दोन्ही नावं शोधा, नाहीतर अर्धा डेटा हातचा जाईल. आणि मराठी नावावर तर अजिबात जाऊ नका. कासच्या पठारावर जी टोपली कारवी म्हणतात ती वेगळी प्रजाती, बुटकी, टोपलीसारखी गोल. दक्षिणेतली बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी आणखी वेगळी. तिन्ही जांभळ्या, तिन्ही वर्षानुवर्षं थांबून फुलणाऱ्या, लोक फोटो टाकताना सर्रास गल्लत करतात. निलगिरीच्या माथ्यावरची नीलकुरिंजी चुकून कारवीच्या यादीत आली तर मॉडेलला वाटेल की कारवीला कडाक्याची थंडी चालते, आणि पुढचं सगळं गणित बिघडेल.

नोंदी मिळवायच्या जीबीआयएफ वरून. ही २००१ मध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, ऑफिस कोपनहेगनला, आणि जगभरच्या म्युझियमचे नमुने, हर्बेरियमचे कागद, आयनॅचरलिस्ट आणि ईबर्डवरच्या सामान्य लोकांच्या नोंदी सगळं एका ठिकाणी मिळतं. अकाउंट उघडा, नाव टाका, 'कोऑर्डिनेट आहेत' हा फिल्टर लावा आणि डाउनलोड करा. डाउनलोडसोबत एक डीओआय नंबर (त्या डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) येतो तो कुठेतरी लिहून ठेवा, कारण पुढच्या महिन्यात तोच सर्च केला तर नोंदी वाढलेल्या असतात आणि आपण नेमका कुठला डेटा वापरला ते कळत नाही.

फाइल एक्सेलला उघडा आणि घाई न करता एकेक रांग बघा. खरंच बघा. मी पहिल्यांदा न बघता पुढे गेले होते आणि नकाशावर टाकल्यावर एक ठिपका जुहूच्या चौपाटीपलीकडे अरबी समुद्रात. मी ती रांग उघडली तर अक्षांश १९.१, रेखांश ७२.८, बस, पुढे काही नाही. म्हणजे कोणीतरी आकडा एका दशांशावर गोल केलेला. एका दशांशाला जमिनीवर साधारण ११ किलोमीटर लागतात, त्यामुळे मूळ नोंद अंधेरीची की आरेची की आणखी कुठली ते आता सांगता येत नाही. अशी नोंद काढून टाकायची, जीव कितीही तुटला तरी. चार दशांश असतील तर साधारण ११ मीटर, ती उत्तम. शेजारीच अनसर्टन्टीचा, म्हणजे जागा किती चुकू शकते त्याचा, कॉलम असतो, मीटरमध्ये, तो ५००० च्या वर असेल तर ती नोंद मी घेत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे अक्षांश-रेखांश उलटे लिहिणं. मुंबईचे आकडे उलटे झाले की आपली कारवी नॉर्वेच्याही वर थंड समुद्रात जाऊन पडते. ती चूक दिसते तरी. न दिसणारी चूक जुन्या कागदांची असते. सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, तिथल्यासारखे जुने कागद म्हणजे सोनं आहे, पण इंग्रजांच्या काळात कागदावर नुसतं 'साल्सेट' (मुंबईची उपनगरं आणि ठाणे असलेल्या बेटाचं जुनं नाव) किंवा 'बॉम्बे' एवढंच लिहायची पद्धत होती, जीपीएस नव्हतंच. नंतर डेटा भरताना कोणी त्या गावाचा मध्यबिंदू टाकतं आणि मग कारवी भर फोर्टात उगवते. ठिपका शहराच्या बरोब्बर मधोमध असेल तर समजून जा. असे कागद मॉडेलला नाही घ्यायचे, पण फेकायचेही नाहीत, वेगळ्या शीटमध्ये ठेवा, शेवटी पडताळणीला कामी येतात. आयनॅचरलिस्टवर धोक्यात असलेल्या प्रजातींची जागा मुद्दाम वीसेक किलोमीटरच्या चौकटीत धूसर केलेली असते, कारवीला तो त्रास नाही पण तुम्ही एखादं ऑर्किड घेतलं असेल तर नक्की बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे. नोंदी म्हणजे झाड कुठे आहे ते नाही, माणूस कुठे गेला ते आहे. नकाशावर कारवी बघा, बोरिवली, येऊर, कर्नाळा, माथेरान, माळशेज, म्हणजे जिथे रविवारी एसटी, लोकल किंवा गाडी जाते तिथे. मधल्या ओसाड घाटवाटांवर काही नाही. कारवी तिथे नाही असं थोडंच आहे, तिथे फोटो काढायला कोणी गेलं नाही. वर कारवीचं आणखी एक आहे, लोक फुललेल्या सालीच फोटो काढतात. नोंदी वर्षांप्रमाणे लावल्या तर फुलोऱ्याच्या सालांत गठ्ठाच्या गठ्ठा आणि मधल्या सालांत जेमतेम. झाडं तीच, तिथेच उभी, हिरवीगार, पण कोणी ढुंकून बघत नाही.

येऊरच्या एका पाड्यावर एका आजींशी बोलणं झालं, त्यांच्या घराची भिंत कारवीच्या काठ्यांची, वरून शेणमाती लिंपलेली, कोपऱ्यात माती निघाली होती तिथून बोटाएवढ्या सरळ काठ्या एकाला एक लागून दिसत होत्या. त्यांना मी मोबाइलवर नकाशा दाखवला तर म्हणाल्या, "अगं पोरी, एवढीच कशी, पलीकडच्या नाळेत तर माणूस जात नाय एवढी माजलीय." त्या नाळेत आजही जीबीआयएफवर एकही ठिपका नाही. तेव्हापासून रिकामी जागा बघितली की मला त्या आजी आठवतात.

यावर इलाज दोन. पहिला, विरळणी. भाजीच्या वाफ्यात दाट उगवलेली रोपं उपटतो ना तशी. हवामानाचा नकाशा चौकोनांचा असतो, मी वापरते तो २.५ मिनिटांचा (इथे मिनिट म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या अंशाचा साठावा भाग), म्हणजे आपल्याकडे एक चौकोन साधारण २० चौरस किलोमीटरचा. नॅशनल पार्क सगळं मिळून सुमारे १०३ चौरस किलोमीटर. म्हणजे पार्कातले तीनशे फोटो असले तरी मॉडेलच्या लेखी ते पाच-सहा चौकोन, फार तर सात-आठ. एका चौकोनात एकच नोंद ठेवा, बाकीच्या काढा. तीनशेचे आठ झाले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दुसरा इलाज तुलनेचा. मॉडेल नोंदींची तुलना आसपासच्या कुठल्याही ठिकाणांशी करतं, ती ठिकाणं आपण निवडून द्यायची, जिथे लोक इतर झुडपांचे फोटो काढायला गेलेत तीच. म्हणजे दोन्ही बाजूंना रस्त्याचा पक्षपात सारखा होतो आणि बराचसा कटतो. हे करायला एक दिवस जातो पण नकाशा खूप सुधारतो.

हवामानाचा डेटा वर्ल्डक्लिमचा, म्हणजे जगभरच्या हवामानाच्या फुकट नकाशांच्या संचाचा. त्यात १९ थर, म्हणजे एकेका गोष्टीचे नकाशे, असतात, वर्षाचं सरासरी तापमान, सगळ्यात गरम महिन्याचं कमाल, वर्षाचा पाऊस, कोरड्या तिमाहीचा पाऊस वगैरे. एकोणीसच्या एकोणीस टाकायचा मोह होतो, टाकू नका. त्यातले बरेच एकमेकांचे जुळे भाऊ आहेत, एक वाढला की दुसरा वाढतोच, आणि मग झाडाला नक्की काय आवडतं ते मॉडेलला कळत नाही. दोन थरांचा संबंध (कोरिलेशन, १ म्हणजे अगदी सोबत वाढणारे) ०.७ च्या वर असेल तर एकच ठेवा, आणि कुठला ठेवायचा ते झाडाकडे बघून ठरवा. ८, ९, १८ आणि १९ हे चार थर मी आधीच बाजूला ठेवते, कारण ते पाऊस आणि तापमान एकत्र करून बनवलेले आहेत आणि नकाशावर त्यांच्यात विनाकारण कडा दिसतात. कारवीसाठी मी वर्षाचा पाऊस, पावसाचा चढउतार, सगळ्यात गरम महिन्याचं कमाल तापमान आणि तापमानाचा चढउतार एवढे चारच घेतले.

हे थर अनेक वर्षांची सरासरी असतात हेही लक्षात ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला त्याच दिवशी ७४ च्या आत, एकाच शहरात. असं काही या थरांत दिसणार नाही. आणि घाटात तर पाऊस हातभर अंतरावर बदलतो, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर आणि खाली पूर्वेला वाईला हजाराच्याही आत. मोठा चौकोन असेल तर हे सगळं मिसळून जातं. घाटमाथ्याच्या नोंदी म्हणून दोनदा तपासा, एक चौकोन इकडेतिकडे झाला तर पाऊस निम्म्यावर येतो.

मॉडेल चालवायला मॅक्सएंट. २००६ पासून लोक वापरतायत, फुकट आहे, जावा लागतं. नोंदींची सीएसव्ही बनवायची, तीन कॉलम, प्रजाती, मग रेखांश, मग अक्षांश. हो, रेखांश आधी, इथे सगळे चुकतात. थर सगळे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच मापात कापून घ्या, एक रांग जरी कमीजास्त झाली तरी मॅक्सएंट अडून बसतं.

कापायचं कुठवर, हा प्रश्न साधा वाटतो पण नाही. अख्खा भारत घेतला तर राजस्थानचं वाळवंट आणि लडाख पण आले, आणि कारवी लडाखला नाही हे ओळखणं मॉडेलला सोपं जातं, मार्क भरपूर मिळतात. या मार्कांना एयूसी म्हणतात, ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे पैकीच्या पैकी. माझा पहिला ०.९७ आला होता आणि मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं, नंतर फक्त सह्याद्री, कोकण आणि लगतचा मध्य भारत एवढंच ठेवून चालवलं तर तो बराच खाली आला, पण तो खरा होता. परीक्षा पण नीट घ्या, नोंदींतल्या वीस टक्के कुठल्याही उचलून बाजूला ठेवल्या तर त्या शेजारच्याच असतात, म्हणजे पेपर फुटल्यासारखंच. त्यापेक्षा एक अख्खा पट्टा, समजा सगळं उत्तर कोकण, झाकून ठेवा आणि उरलेल्यावरून ते ओळखता येतंय का बघा. आर ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर ईएनएमइव्हॅल नावाचं पॅकेज हे करून देतं.

आता जुना काळ. वर्ल्डक्लिमच्या १.४ आवृत्तीत दोन काळ आपल्या कामाचे आहेत, साधारण ६ हजार वर्षांपूर्वीचा आणि शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भराचा, म्हणजे सुमारे २१-२२ हजार वर्षांपूर्वीचा. इथे एक मोठा खड्डा आहे, मी त्यात एक पूर्ण आठवडा घालवला म्हणून कळकळीने सांगते. जुना काळ १.४ चा असेल तर आजचं हवामान पण १.४ चंच घ्या, २ ची नवीन आवृत्ती नको. १.४ मध्ये तापमान दहापट लिहिलेलं असतं, २७.३ अंशाला २७३, आणि नवीन आवृत्तीत साधं २७.३. मी आजचं नवीन घेतलं आणि जुनं १.४ चं, तर मॉडेलला वाटलं हिमयुगात मुंबईला अडीचशे अंश तापमान होतं आणि कारवी देशातून साफ गायब. मी बिचारी आठवडाभर त्याची कारणं शोधत होते.

हिमयुगाच्या भरात मान्सून कमजोर होता, हे समुद्रातल्या गाळावरून बऱ्यापैकी पक्कं आहे. नंतर साधारण ९ ते ६ हजार वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा जोरदार झाला, मग पुन्हा हळूहळू उतरला. ४२०० वर्षांपूर्वीच्या एका कोरड्या टप्प्यावरून तर भूगर्भशास्त्रातल्या चालू काळाला मेघालयन हे नाव २०१८ मध्ये मिळालं, मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या खांबावरून. म्हणजे कारवीने ओले आणि कोरडे दोन्ही दिवस बघितलेत.

आणि समुद्र. हिमयुगाच्या भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बॉम्बे हाय आठवा, समुद्रातलं तेलाचं क्षेत्र, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे, तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल. म्हणजे हिमयुगात तिथे कोरडी जमीन होती, वरळी सी फेसवर उभं राहिलं असतं तर समोर समुद्र नाहीच, क्षितिजापर्यंत सपाट मैदान. हे कळल्यावर मी दोन दिवस दुसरं काही बोलतच नव्हते. तुमच्या नकाशात ही बुडालेली जमीन यायलाच हवी, १.४ च्या हिमयुगाच्या थरात ती असते, पण आजच्या किनाऱ्याने कापून टाकली तर गेली. कापताना पश्चिमेला भरपूर जागा सोडा.

हवामानाची जुनी मॉडेल्स एकापेक्षा जास्त आहेत, सीसीएसएम, मिरॉक, एमपीआय. तिन्ही चालवा. तापमानावर त्यांचं साधारण जमतं, पावसावर नाही, आणि आपलं सगळं पावसावर. तिन्ही जिथे होकार देतात तेवढाच भाग गडद रंगवा. मॅक्सएंट एक वेगळा नकाशा देतं ज्यात आज कुठेच नसलेलं हवामान दाखवतं, त्या भागावर जाळी मारा, तिथे मॉडेल अंधारात बोलतंय. आणखी एक, हिमयुगात हवेत कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १९०) आसपास होता, आज ४२० च्या वर आहे. कमी कार्बन डायऑक्साइडमध्ये झाडाला तेवढंच वाढायला जास्त पाणी लागतं, त्यामुळे आजची आवड जशीच्या तशी तेव्हाला लागू नाही. नकाशा बहुतेक खऱ्यापेक्षा उदारच येणार असं धरून चाला.

मग खरं-खोटं करायचं कशावरून? चिखलावरून. तळी, खाड्या, दलदली यांच्या गाळात परागकण हजारो वर्षं टिकतात, लखनौची बिरबल सहानी संस्था आणि पुण्याची आघारकर संस्था यांच्याकडे हे काम चालतं. तुमच्या नकाशाजवळ कुठल्या गाळाचा अभ्यास झालाय ते शोधा आणि तिथे त्या काळी जंगल होतं की गवत ते ताडून बघा. कारवीचाच पराग मिळेल अशी आशा मात्र धरू नका, तिचं परागीभवन मधमाश्या करतात, वाऱ्यावर पराग उधळत नाही, त्यात सात वर्षांतून एकदा. गाळात ती दिसली नाही म्हणजे नव्हती असं होत नाही.

आणि एक पुरावा तर आपल्या पायाखालीच आहे. १८७० च्या दशकात मुंबई बंदरातला प्रिन्स डॉक खणताना भरतीच्या रेषेच्या कितीतरी खाली, चिखलात, झाडांचे बुंधे सापडले होते, बरेचसे जागच्या जागी उभे. लाकूड खैराचं. जिथे नंतर बोटी लागल्या तिथे एकेकाळी खैराचं रान होतं. जमीन खचली की पाणी चढलं हा वेगळा विषय, पण माझ्यासारखा दुसरा नकाशा करायचा असेल तर खैर घ्या, कारण खैराच्या बाबतीत मुंबईत निदान एक ठिपका असा आहे की जो मॉडेलने नाही, कुदळीने दाखवलाय.

शेवटचं काम बाहेरचं आहे. तुमच्या नकाशात जे चौकोन गडद आहेत आणि जिथे नोंद नाही अशा पाच-सहा जागांची यादी करा, आणि तिथे जा. वाट सोडू नका, पार्काच्या हद्दीत परवानगीच्याच वाटांवर राहा, काही तोडायचं नाही. फुलोऱ्याचं साल नसेल तरी कारवी ओळखता येते: समोरासमोर मोठी पानं, कडेला दात, खोडाच्या पेराशी गाठ, आणि एकटी कधीच नाही, उतारच्या उतार भरलेला. एक फोटो पानाचा, एक पेराचा, एक लांबून उताराचा. मोबाइलचं लोकेशन उघड्यावर दोन मिनिटं स्थिर होऊ द्या, मगच काढा. आयनॅचरलिस्टवर टाकताना लायसन्स 'सर्व हक्क राखीव' ठेवू नका, ठेवलं तर ती नोंद जीबीआयएफपर्यंत पोचतच नाही. शेऱ्यात 'फूल नाही' एवढं नक्की लिहा. वाळून गेलेली असेल तर तिचाही फोटो टाका, आणि बुडाशी या पावसाची बोटभर रोपं दिसली तर त्यांचा वेगळा.